मयताच्या हातातल्या बांगड्या

ती घटना आठवली की आजही मला आधी हात दिसतो, चेहरा मागून. विहिरीतून काढून बाजेवर ठेवलेल्या एका बाईचा उजवा हात कडेवरून खाली लोंबत होता आणि मी, त्या ठाण्याचा प्रभारी अधिकारी, जवळ उभा राहून पंचनामा सांगत होतो. लेखनिक लिहीत होता. "दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या प्रत्येकी सहा बांगड्या, सर्व शाबूत." हे वाक्य माझं. त्या वाक्यात खून लिहिलेला होता आणि मला तो दिसला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. माझ्यापुढे आरसा धरूनही उपयोग झाला नसता.

गाव लोहाऱ्याकडचं. नाव सांगत नाही, कारण त्या घरातली माणसं अजून तिथे राहतात. जिल्ह्याला तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद म्हणायचे. मयत बाई तिशीतली, लग्नाला नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात ती, नवरा आणि विधवा सासू. नवऱ्याने सकाळीच ठाण्यात येऊन खबर दिली, बायको पाणी आणायला गेली आणि पाय घसरून विहिरीत पडली. डोक्याला मार होता, पण विहिरीला दगडी पायऱ्याही होत्या. मी अकस्मात मृत्यूची नोंद केली. ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन झालं. डॉक्टरांनी मरणाच्या कारणाबद्दल मत राखून ठेवलं आणि व्हिसेरा तपासणीला पाठवला. त्याचा अहवाल यायला महिने जातात. कपडे आणि बांगड्या सीलबंद पाकिटातून मुद्देमालाच्या खोलीत गेल्या. मयताचा भाऊ आला, रडला, आणि "आमचा कुणावर संशय नाही" असा जबाब देऊन परत गेला. माझे कागद पूर्ण झाले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या बाकावर साठीची एक मुसलमान बाई बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन बसलेली दिसली. आसपासच्या सात-आठ गावांत ती चाळीस वर्षं बांगड्या भरत होती. लहानथोर सगळे तिला चाची म्हणायचे. आमच्या महिला पोलिसाला वाटलं, धंद्याला आली. चाचीने तिच्या हातात चार बांगड्या भरल्याही. मग हळूच म्हणाली, "बाई, साहेबाला भेटायचंय. पण समद्यांम्होरं न्हाय."

खोलीत आली, दार लोटलं, तरी बोलेना. नुसती पेटीची कडी काढायची आणि लावायची. खोटं सांगायला आलेला माणूस आल्या आल्या सुरू होतो. खरं सांगायला आलेल्याला वेळ लागतो. मी चहा मागवला.

"साहेब, त्या पोरीच्या हातात बांगड्या कुणी भरल्या?"

"तुम्हीच भरल्या असतील की."

"व्हय, म्या भरल्या व्हत्या. सोमवारी. पंचमी आली म्हणून. तिचं माप सव्वादोन. दाबून दाबून चढवाव्या लागतात, फुटल्याबिगर निघत न्हाईत. अन् विहिरीवर तिला बाजंवर ठिवली तवा म्या बघितलं, बांगड्या पार बोटापत्तोर घसरल्या व्हत्या. त्या अडीचच्या हायत. तिच्या न्हाईतच त्या."

"मग कुणाच्या?"

"तिच्या सासूनं त्याच दिवशी अडीचच्या डझनभर घेतल्या. लेक पंचमीला येणार म्हणून. लेकीचा हात जाड हाय."

मी कागद पुढे ओढला. जबाब लिहून घेतो म्हणालो, तर चाची उठायलाच लागली.

"माझं नाव न्हाय यायला पाहिजे साहेब. बाया माझ्याम्होरं हात करतात. डागलेलं, पिरगाळलेलं, समदं दिसतंय मला. ह्या घरचं त्या घरी सांगत न्हाय म्हणून तर उंबऱ्याच्या आत घेतात. आज तोंड उघडलं तर उद्या कोण दार उघडंल?"

अशा वेळी "नाव येणार नाही" असं सांगून जबाब घेऊन टाकायची पद्धत आहे. मीही ते बऱ्याचदा केलेलं आहे. त्या दिवशी का कोण जाणे, जमलं नाही. मी म्हणालो, "चाची, कोर्टात तुम्हाला उभं राहावं लागेल. तुमच्याशिवाय हे कुणी सांगू शकत नाही." ती म्हणाली, "मग मला इचार करू द्या," आणि पेटी उचलून गेली.

ती आली नाही तर काय, म्हणून मी साध्या कपड्यांत एकटाच मयताच्या घराच्या गल्लीत गेलो. गल्ली अशी की एका घरात फोडणी दिली तर चार घरांत ठसका लागावा. पण तिथे कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. "आमी रानात व्हतो." "टीव्ही चालू व्हता." "नवरा-बायकोचं भांडण साहेब, त्यात तिसऱ्यानं कशाला पडायचं?" आपण बरं की आपलं काम बरं, हे वाक्य मी त्या दिवशी तीन घरांत ऐकलं. भिंतीला भिंत लागून राहणारे एक निवृत्त गुरुजी मात्र मला पाहून आत गेले नाहीत. मी विचारलं, "गुरुजी, तुम्ही तरी काही सांगाल?"

"मी दोन महिन्यांमागंच सांगितलं होतं साहेब. तुमच्याच ठाण्याला फोन केला होता. ही बाई एक दिवस मरंल, एवढंच म्हणालो होतो. तुम्ही त्याला बोलावून घेतलं. काय म्हणालात त्याला, आठवतंय का?"

मला आठवलं. असे कितीतरी नवरे ठाण्यात येतात, म्हणून खबर द्यायला आला तेव्हा हा तोच, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. नवऱ्याला समोर उभा करून मी दम दिला होता. "कोण म्हणतंय मी मारतो?" असं तो उर्मटपणे म्हणाला, तेव्हा रागाच्या भरात मी बोलून गेलो होतो, "शेजारचे गुरुजी काय खोटं बोलतात?" मग अदखलपात्र नोंद करून मी त्याला घरी सोडलं होतं.

"त्याच संध्याकाळी तो कुऱ्हाड घेऊन माझ्या दारात आला," गुरुजी म्हणाले. "आमच्या मंडळींना म्हणाला, मास्तरला सांगा, परत फोन करायला हात ऱ्हाणार न्हाईत. सगळ्या गल्लीनं बघितलं. तवापासून त्या घरातून आवाज आला की आम्ही टीव्ही मोठा करायचो."

मी खाली मान घालून ऐकून घेतलं. इतका वेळ मी मनातल्या मनात त्या लोकांना भेकड म्हणत होतो. त्या गल्लीचं तोंड मीच बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजेरी चालू असतानाच चाची आली. या वेळी पेटी नव्हती. बसली आणि न विचारता बोलायला लागली.

"तिच्या हातावर वळ म्या तीनदा बघितले साहेब. तिसऱ्या टायमाला, ह्या सोमवारी, बांगड्या भरून झाल्या तरी तिनं माझा हात धरून ठिवला. सोडंचना. बोलली काय न्हाय, नुसती धरून बसली. म्या म्हणाले, पोरी, सोड, मला आणखी चार घरं जायचंय." तिने पदर तोंडाला लावला. "लिवा. नाव बी लिवा."

दोन पंचांसमोर पाकीट उघडून आम्ही बांगड्यांचं माप घेतलं. बाराच्या बारा अडीचच्या. खुनाचा गुन्हा नोंदवला आणि मायलेकांना चौकशीला आणलं. नवरा तयार होऊन आला होता. चार तास त्याचं एकच पालुपद, पाय घसरला. अशा माणसाशी डोकं लावण्यात अर्थ नसतो. मी शेजारच्या खोलीत सासूकडे गेलो. महिला पोलीस सोबत होती. सासूपुढे मी एक बांगडी ठेवली आणि एवढंच विचारलं, "लेकीसाठी घेतलेल्या बांगड्या कुठं आहेत?"

तिने ती बांगडी उचलून पाहिली. मग म्हणाली, "समद्या फुटल्या व्हत्या तिच्या. मारताना. सवाष्ण बाई, मोकळ्या हातानं कशी धाडायची?"

सून डोळ्यांसमोर मारली गेली तेव्हा ही बाई मध्ये पडली नाही. ती मेल्यावर मात्र तिला रीत आठवली. गार पडलेल्या हातात लेकीच्या बांगड्या सरकवून, कपाळाला कुंकू लावून मग दोघांनी तिला विहिरीत टाकली होती. भांडणाचं कारण एवढंच, की पंचमीला माहेरी जाते ती परत येत नाही, असं सून म्हणाली होती.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. आरोपीने स्वतः काढून दिलेली वस्तू चालते. आई बोलली हे कळल्यावर नवऱ्याचा ताठा उतरला. पंच म्हणून गावातलं कुणी येईना, तेव्हा दोन सरकारी नोकरांना नेलं. त्यांच्यासमोर त्याने घरामागचा उकिरडा दाखवला. तिथून हिरव्या काचांचे तुकडे आणि एक काठी निघाली. एका मोठ्या तुकड्याच्या गोलाईवरून माप निघालं, सव्वादोन. व्हिसेऱ्याचा अहवाल पुढे आला आणि ती पाण्यात पडण्याआधीच मेली होती हे कागदावरही ठरलं.

खटला उभा राहायला साडेतीन वर्षं गेली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे मुलांना अक्षरओळखीआधी शिकवतात. गुरुजी साक्षीला आले आणि फितूर झाले. "मला कमी ऐकू येतं," म्हणाले. सरकारी वकील चिडले. मला चिडायचा हक्क नव्हता.

चाची मात्र हलली नाही. बचाव पक्षाचे वकील म्हणाले, "बांगड्या सगळ्या सारख्याच असतात. नुसतं लांबून बघून माप कळतं होय?" चाचीने त्यांच्या शेजारी बसलेल्या ज्युनिअर वकीलबाईंकडे पाहिलं. "ह्या बाईंचं माप दोन-सहा. डावा हात मोडून जुळलाय, म्हणून त्या हातात सैल घालतात." न्यायाधीशांनी ते नोंदीवर घेतलं नाही. वकीलबाईंनी डावा हात टेबलाखाली घेतला, ते सगळ्यांनी पाहिलं. नवऱ्याला जन्मठेप झाली, सासूला पुरावा नष्ट केल्याबद्दल शिक्षा झाली.

आणि चाचीला? तिलाही झालीच. गावातल्या निम्म्या घरांनी लग्नाचा चुडा भरायला तिला बोलावणं बंद केलं. "घरातलं भाईर सांगती," एवढं बोललं की पुरे होतं. आता ती लोहाऱ्याच्या बाजारात पोतं अंथरून बसते. निवृत्तीनंतर एकदा मी बाजारात गेलो, तर तिने मला ओळखलं, बसायला पोत्याचा कोपरा दिला. इकडचं तिकडचं झालं. एक तरुण बाई येऊन बांगड्या न घेता तिच्या कानाशी काहीतरी बोलून गेली. "अशा येतात आता," चाची म्हणाली, "म्या त्यांच्यासंगं ठाण्यात जाते." मग तिने विचारलं, "साहेब, राग मानू नका. मास्तरचं नाव तुमी फोडलं नसतं, तर ती पोरगी पंचमीला माहेरी गेली असती, न्हवं?"

कोर्टात उलटतपासणीला मी कधी अडखळलो नाही. तिथे बाजारात मला उत्तर द्यायला वेळ लागला. मी म्हणालो, "व्हय चाची. गेली असती."

आता मला शाळांत, बचत गटांत गुन्हे रोखण्याविषयी बोलायला बोलावतात. मी लोकांना सांगतो, शेजारच्या भिंतीतून आवाज आला तर टीव्ही मोठा करू नका. चार जण मिळून त्या दारात उभे राहा. एकट्याला कुऱ्हाड दाखवता येते, गल्लीला दाखवता येत नाही. ठाण्यात कळवा, आणि पंच किंवा साक्षीदार म्हणून बोलावलं तर पाठ फिरवू नका, कारण खून करणाऱ्याचा सगळा भरवसा तुमच्या पाठ फिरवण्यावर असतो. समोर कुणी गणवेशातला बसलेला असला तर त्यालाही सांगतो, बाबा, खबर देणाऱ्याचं नाव पोटात ठेवायला शीक. मला ते शिकायला एका बाईचा जीव गेला.