सहा नव्हे, अठरा पाईप

आधी गयाक्कांचं नाव लिहितो. गयाबाई म्हणजे आमच्या सरांची थोरली बहीण, शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात राहतात. त्या दिवशी त्या तिथे उभ्या नसत्या, तर तुम्हा चिपळूणकरांना तोंड दाखवायची माझी हिंमत झाली नसती.

सातवीनंतर शाळा सुटली आणि मी आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपात मदतनीस म्हणून लागलो. सर तिथेच मेकॅनिकल शिकवायला आले, विभागप्रमुख झाले, मग प्राचार्य. आता ते नांदेडला विद्यापीठाचे कुलगुरू आहेत. त्यांचा फोन आला, "सदू, इकडे दुष्काळ आहे. बंद हातपंप दुरुस्त करायला पोरं तयार केलीत. पुस्तकातलं मी सांगेन, पाना तू धरायचा." हो म्हणून बसलो आणि गाडीत चढल्यापासून एकच विचार. सातवीचा माणूस होणाऱ्या इंजिनिअरांना काय शिकवणार? चुकलो तर हसं सरांचं होणार.

नांदेडला कुलगुरूंच्या कचेरीत शिपायानं अर्धाच पेला पाणी दिलं. मनात म्हटलं, एवढी मोठी कचेरी आणि ही काटकसर? "लागलं तर अजून मागा," तो म्हणाला, "पर पेल्यात ठिवायचं न्हाई. साहेबांचा हुकूम हाय." साहेब मात्र खुर्चीत नव्हते. खिडकीपाशी वाकून स्क्रू पिळत होते. "कुलरचं पाणी बंद करून राहिलो," म्हणाले. आमच्याकडे इतकी वर्षं पुस्तकी बोलणारे सर. गावाजवळ आल्यावर त्यांची भाषाही सैल झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सर, मी आणि बारा विद्यार्थी बसनं निघालो. नायगाव मागे पडलं तरी हिरवं म्हणून काही दिसेना. काळी रानं आणि त्यांतल्या भेगा. उदगीरला चहाला थांबलो.

"यंदा उदगीर जिल्हा व्हनार बघा," चहावाला सांगत होता.

"लई वर्सं ऐकून राहिलो," बाकावरचे एक आजोबा म्हणाले. "लातूर नवा जिल्हा झाला तवाबी वाटलं, आता पानी यील."

"मग आलं का?" मी विचारलं.

"कलेक्टर आला."

सरांचं घर गावाच्या कडेला, बौद्ध वस्तीत. गयाक्कांनी ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढलं. वाढता वाढता मला म्हणाल्या, "बा दुसऱ्याच्या रानात राबायचा. दोघांची साळा जमंना, म्हून मी तिसरीतनं घरी बसले. ह्यो शिकला." कुलगुरू मान खाली घालून जेवत राहिले.

मग पंप. वस्तीला हा एकच. बोअरात पाईपांची माळ एकाखाली एक जोडलेली असते. माळ वर ओढायची, खालच्या पाईपाला क्लॅम्प आवळायचा, वरचा पाईप सोडवायचा. सगळ्यात खाली पाणी वर ढकलणारा सिलिंडर. "सहा पाईप," मी पोरांना ऐटीत सांगितलं, "तासाभराचं काम." सहावा सुटला. आता नुसता सिलिंडर उरला असं समजून मी क्लॅम्पचा बोल्ट सैल करायला पाना लावला.

"पावनं, हात काढा." गयाक्कांनी माझं मनगट धरलं होतं. "खाली अजून बारा हायेत. मागल्या खेपेला मीच मोजलेत."

मी हात काढला. क्लॅम्प सुटला असता तर बाराच्या बारा पाईप बोअरात गेले असते आणि पंप कायमचा बुजला असता. आमच्याकडे साठ फुटांवर पाणी, दहा फुटांचे सहा पाईप पुरतात. आयुष्यभर सहाच मोजत आलो. इथे पाणी किती खोल, हे विचारायचं सुचलंच नाही.

"सर, ह्ये कोकनी माप दिसतंय," एक पोरगा म्हणाला. सगळे हसले. मी पाना खाली ठेवला.

सर हसले नाहीत. "नोकरीच्या पहिल्या दिवशी मी लांब बाह्यांचा शर्ट घालून चालू लेथ मशीनपाशी गेलो होतो, बाही फिरत्या भागात अडकणारच होती," ते पोरांना म्हणाले. "प्राध्यापक होतो मी. ह्यानं मागून ओढलं, म्हणून आज सही करायला हात आहे. आता ह्याला अक्कानं ओढलं. चला, पुढचा पाईप."

गयाक्का मोजत राहिल्या, आम्ही ओढत राहिलो. अठराव्याखाली सिलिंडर निघाला. आतला चामडी वायसर कुजून गेला होता. नवा बसवला, सगळी माळ परत सोडली. बराच वेळ दांडा हापसल्यावर आधी नुसती हवा, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ धार. कुणी बोलावलं नाही तरी घागरींची रांग लागली होती.

"तुमी कितवी?" गयाक्कांनी विचारलं.

"सातवी."

"माझ्यापरीस चार जास्ती," त्या म्हणाल्या आणि माझा पाना उचलून बघू लागल्या. "लई जड हाय. हलका असता तर मीच खोलला असता पंप. दोन उन्हाळे मिस्त्रीची वाट बघितली."

मी वही पुढे केली. त्यांनी कोऱ्या पानावर पंजा ठेवला, मी भोवतीनं पेन्सिल फिरवली.

परतीच्या एसटीत ते पान पुन्हा पुन्हा उघडत होतो. सरांची पदं आम्ही कौतुकानं सांगत आलो. त्यांच्यासाठी शाळा सोडून घरी कोण बसलं, हे आमच्यात कुणी विचारलं नव्हतं. गयाक्का, तुमच्या पंजाच्या मापाचे हलके पाने मी आपल्या वर्कशॉपात घडवणार. पोस्टानं नाही पाठवणार. एक दिवस स्वतः घेऊन येईन आणि पहिला बोल्ट तुम्ही फिरवेपर्यंत बाजूला उभा राहीन.