पोटाला लावायचा दोरा

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. चौथीनंतर शाळा सुटली. भूतबाधा, अंगात येणं मी तेव्हाही मानत नव्हते, आजही नाही... पण हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

दुष्काळ सरल्यानंतरचं वर्ष. कारंजा गावाबाहेर आमची भाजीची वाडी होती, घरही तिथेच. ओल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधल्या की बोटांना दिवसभर वास राहायचा. तो अजून आठवतो. सासरे नुकतेच वारले होते. ते असताना वाफ्यांना पाणी मी फिरवायची आणि तुंबलं तर वाफा कुठून फोडायचा ते सासरे बांधावरून ओरडून सांगायचे — पण विहिरीकडे तोंड करून. सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती.

माझी सुमन सातव्या महिन्यातच झाली. एवढीशी. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी कापसाच्या बोळ्याने दूध द्यायला शिकवलं आणि तिच्या रिकाम्या पोटाच्या मापाचा एक दोरा दिला. "पाजायच्या आधी पोटाभोवती, बेंबीवरून लाव. टोकं जुळली तर आधीचं दूध जिरलं. नाही जुळली तर थांबायचं. पोटाला कान लावून गुरगुर ऐकायची."

एका दुपारी टोकं जुळेनात. पोट तट्ट फुगलेलं, चकाकत होतं. कान लावला... आत काहीच नाही. सुमनचं रडणंही थांबलं. अकोल्याला न्यायला हे गाडी शोधायला गेले.

"पाज वं पोट्टीले," सासूबाई म्हणाल्या. "उपाशी मरन."

"आत्याबाई, दोरा जुळून नाई राह्यला."

"म्या इतके लेकरं वाढवले, ते का दोऱ्यानं मोजून वाढवले?" असं म्हणून त्या रागाने वाडीत निघून गेल्या.

मला रडू आलं. त्यांचंच खरं असेल, म्हणून बोळा दुधात बुडवला. तेवढ्यात बांधावरून आवाज आला —

"खालून फोड, सूनबाई! तुंबल्यावर वरून पानी कायले लोटतं?"

सासऱ्यांचा आवाज. आणि थेट मला!

बोळा हातातून पडला. सुमनला कुशीवर घेतलं, गुडघे हळूहळू पोटाशी दुमडले, पाठ चोळत राहिले. बऱ्याच वेळाने वारा सरला, शी झाली. पोट मऊ पडलं. कान लावला तर गुरगुर! दोऱ्याची टोकं जुळली.

सासूबाई धापा टाकत दारात आल्या. डोक्यावर पदर घेतलेला, सासरे घरी आल्यावर घ्यायच्या तसा.

"कोन बोललं वं?" त्यांनी एवढंच विचारलं. मग खाली बसल्या आणि सुमनचे पाय कुरवाळत राहिल्या.

पुढे दवाखान्यात गेले, तेव्हा सिस्टरबाई म्हणाल्या, "दूध न पाजता थांबलीस, म्हणून वाचली. गुडघे दुमडायचं कुणी सांगितलं?"

"मामाजींनी," माझ्या तोंडून निघून गेलं.

"शहाणे आहेत. नमस्कार सांग त्यांना."

संध्याकाळी वाफ्यांपाशी उभी राहिले. ते होते तोवर त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आज मोठ्याने म्हणाले, "मामाजी, सिस्टरबाईंनी नमस्कार सांगितला."

त्या दुपारी काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. निरोप तेवढा पोचवला.