हवेला वाट ठेवणारे टिपणीस

टिपणीस कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढता काढता आधी छताकडे बघायचे. एसीची जाळी दिसली की खिशातून टिश्यू पेपर काढायचे, त्याची बोटभर रुंद पट्टी फाडायचे आणि हात उंचावून ती जाळीसमोर धरायचे. पट्टी कशी फडफडते ते डोळे बारीक करून बघायचे. मग यजमानाला "हवा अडलीय हो तुमची" असं सांगून मगच सोफ्यावर टेकायचे. आमच्या घरीही पहिल्यांदा आले ते असेच. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि हे गृहस्थ स्टुलावर.

दुबईतल्या एका कंत्राटदार कंपनीत आम्ही बरोबर होतो. इमारतींमध्ये थंड हवा कुठून आणायची आणि गरम हवा कुठून काढायची, हे ठरवणं त्यांचं काम. "सामंत," ते मला म्हणायचे, "हवा आत घेणं कुणालाही जमतं. बाहेर जायची वाट आधी ठेवावी लागते." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते तोंड उघडायच्या आत मीच पूर्ण करायचो. त्यांना त्याचा राग येत नसे.

कॉम्प्युटर जोडणं हा त्यांचा शुक्रवारचा छंद. बर दुबई भागातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत सगळे त्यांना ओळखत. मंदीच्या त्या हिवाळ्यात आमचे जनरल मॅनेजर आगाशे यांनी हा छंद हेरला. आगाशे आमच्याच मराठी मंडळातले. गणपतीत दोघं शेजारी उभे राहून आरत्या म्हणत, आगाशे टाळ आणि टिपणीस झांजा. "आमचे टिपणीस" असं ते चारचौघांत म्हणायचे. आगाशेंच्या मुलाला, निशांतला, गेमिंगचं मशीन हवं होतं, आणि तेही लहान, कारण पुढच्या वर्षी तो कॅनडाला शिकायला जाणार होता आणि मशीन बॅगेतून न्यायचं होतं.

त्या दिवसांत ऑफिसात दर गुरुवारी संध्याकाळी कुणाला तरी एचआरमध्ये बोलावणं यायचं. रविवारी त्याची खुर्ची रिकामी. नोकरी गेली की व्हिसा जायचा, आणि त्याच्या व्हिसावर असलेली बायकामुलंही महिन्याभरात देशाबाहेर. टिपणिसांची केतकी बारावीला होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. त्यांना बढती नको होती, पगारवाढ नको होती. "एवढा मार्च निघाला की झालं," हे त्यांचं त्या हिवाळ्यातलं दुसरं वाक्य.

"मग आगाशेंना तसं सांगून ठेवा," मी म्हणालो.

"मागायचं कशाला? माणूस काम बघतो," ते म्हणाले. हा माणूस खरंच असं मानायचा, आणि माझं डोकं फिरायचं.

मशीनवर त्यांनी जीव ओतला. निशांतला पाण्याने थंड होणारं, रंगीत नळ्यांचं हवं होतं. टिपणिसांनी साफ नकार दिला. "आयुष्यभर चिलरच्या पायपांखाली बादल्या ठेवल्यात मी. पाणी गळतंच. हवेवर चालेल तेच करीन." बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी केस आणली. ग्राफिक्स कार्ड त्यात मावेल का, हे बघायला आधी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याच मापाचं खोटं कार्ड केलं. ते बसलं, पण प्रोसेसरवरचा कूलर उंच निघाला आणि झाकण लागेना. तो परत करून आडवा, बुटका कूलर आणला. एसीच्या फिल्टरची जाळी कापून पुढच्या पंख्याला लावली, म्हणजे वाळू आत जायला नको. पुढून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. सगळ्या वायरी मागे बांधून टाकल्या. शेवटी वरच्या जाळीवर टिश्यूची पट्टी सोडली, ती सरळ उडाली, आणि टिपणीस लहान मुलासारखे हसले.

आगाशे खूश झाले. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांनी टिपणिसांचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. त्याच महिन्यात, एका गुरुवारी, टिपणिसांना बोलावणं आलं. आगाशे त्या दिवशी "मीटिंगला बाहेर" होते.

आठवडाही गेला नाही तोच आगाशेंचा फोन आला. मशीन गरम होऊन मधेच बंद पडतं, जरा येऊन बघाल का. फोन आला तेव्हा मी टिपणिसांकडेच होतो. त्यांच्या पत्नी शुभदावहिनी संतापल्या. "काही जायचं नाही. लाज वाटायला हवी त्यांना." टिपणीस बुटांच्या नाड्या बांधत म्हणाले, "मशीनचा काय दोष?" त्यांची गाडी विकून झाली होती, म्हणून मीच त्यांना घेऊन गेलो.

व्हिलाच्या दारातच पंख्याची घरघर ऐकू आली. टिपणीस क्षणभर थांबले, त्यांना तिथेच कळलं असणार. हॉलमध्ये टीव्हीशेजारी मशीन होतं. त्यावर आगाशेवहिनींनी क्रोशाचं जाड आच्छादन घातलं होतं आणि त्यावर चांदीचा गणपती बसवला होता. "धूळ किती येते हो इथे," वहिनी म्हणाल्या. "आणि उघडं बरं नाही दिसत. नवीन वस्तू, म्हणून पूजाही केली."

"ममा, आय टोल्ड यू," निशांत कोचावरून म्हणाला.

टिपणिसांनी गणपतीला नमस्कार केला, तो उचलून शेजारच्या फळीवर ठेवला आणि आच्छादनाची घडी करून वहिनींच्या हातात दिली. घरघर हळूहळू उतरली. मग खिशातून टिश्यू काढून पट्टी धरली. उडाली.

"वा, ह्याला म्हणतात इंजिनियर," आगाशे म्हणाले.

तेव्हा टिपणीस बोलले. मी त्यांना काही मागताना तेवढंच एकदा ऐकलं. "साहेब, नोकरीचं जाऊ द्या. व्हिसा तेवढा मार्चपर्यंत रद्द करू नका. केतकीची बारावी आहे."

आगाशे निशांतच्या स्क्रीनकडे बघत राहिले. "एचआरचं असतं हो ते सगळं. बघतो मी. इन्शाल्ला." त्या देशात साहेबाने असं इन्शाल्ला म्हटलं की काय समजायचं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. वहिनींनी निघताना चिवड्याची पिशवी दिली. गाडीत टिपणीस ती मांडीवर घेऊन बसले होते. मला ती खिडकीतून भिरकावून द्यावीशी वाटत होती.

व्हिसा रद्द झाला. ठाण्याला गेलेली केतकी परीक्षेपुरती व्हिजिट व्हिसावर एकटी परत आली आणि आमच्या हॉलमध्ये अभ्यास करून पेपर देऊन गेली. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. तेवढे मार्क पडले नाहीत. टिपणिसांना पन्नाशीनंतर धड नोकरी मिळाली नाही, एसी दुरुस्तीच्या एका दुकानात बसू लागले. काही वर्षांनी हृदयाच्या दुखण्याने गेले. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत नर्सकडून टिश्यू मागून घेतला होता, असं शुभदावहिनी मला फोनवर म्हणाल्या.

त्यानंतरच्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये आगाशे भेटले. हातात प्रसादाचा द्रोण, चेहरा प्रसन्न.

"अहो सामंत, आपल्या टिपणिसांचा नंबर आहे का? ते मशीन इतकी वर्षं चाललं, बरं का. कॅनडात कुरकुर नाही. आता निशांतला तसंच नवीन करून पाहिजे."

"टिपणीस वारले," मी म्हणालो. "मार्चमध्ये."

"अरेरे. कुणी कळवलंच नाही आम्हाला." त्यांनी मान खाली घातली, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. मग मोदकाचा तुकडा मोडून त्यांनी विचारलं, "मग असं दुसरं कुणी आहे का तुमच्या बघण्यात?"

"नाही," मी म्हणालो.

ते मान हलवून पुढच्या टेबलाकडे वळले आणि तिथे बसलेल्यांना तेच विचारू लागले.