हौद्यातला करंट

पावर हाऊसमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाकडं म्हातारपणी दोनच गोष्टी शिल्लक राहतात. एक इंजिनाच्या आवाजानं आलेलं बहिरेपण आणि दुसरी म्हणजे किस्से. बहिरेपणाचा फायदा असा, की दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा प्रश्नच येत नाही, आपलंच सांगत बसता येतं. पण घरात ऐकतंय कोण? मी 'त्या वेळी' एवढं म्हटलं, की नातू पायात चपला घालतो. तुम्ही आपणहून आलाय, तर बसा निवांत. चहा टाकलाय.

महाराजांचं राज्य होतं तेव्हाचं सांगतोय. कोल्हापुरात वीज नवी नवी होती. राजवाड्यात, नाटकगृहात, चार-दोन पेठांत आणि ज्यांना शेजाऱ्यांना जळवायचं होतं अशांच्या घरात. दिवेलागणीला इंजिन सुरू व्हायचं. मी स्विचबोर्डावर, आणि माझ्यावर बाबालाल मिस्त्री. पांढरी दाढी, डोक्याला फेटा, तोंड फटकळ. पण तारेला चिकटून एखादा कावळा मेला, तरी दिवसभर माणूस जेवायचा नाही.

आमच्या बोर्डावर तीन दिवे असायचे, तीन तारांचे तीन. तिन्ही सारखे जळले की सगळं ठीक. एखादी तार कुठं भिंतीला, झाडाला, खांबाला लागून जमिनीत गळायला लागली की तिचा दिवा मंद व्हायचा. साहेबलोक ह्याला अर्थ फॉल्ट म्हणायचे. मिस्त्रींनी दिव्यांची नावं ठेवली होती थोरली, मधली आणि धाकटी. दिवा मंद झाला की म्हणायचे, धाकटी रुसली.

पुढं एक नवा इंजिनियर साहेब आला. विलायती पुस्तकं वाचलेला, सुटाबुटातला. त्यानं पहिल्याच दिवशी आम्हाला झापलं, की ही काय भाषा आहे, हे पावर हाऊस आहे का माजघर? महिना झाला असेल नसेल, एका संध्याकाळी दिवा मंद झाल्याचा निरोप गेला, तसे साहेब जेवण अर्धं टाकून धावत आले आणि दारातनंच ओरडले, "मिस्त्री, थोरली का हो रुसली?"

*

पावर हाऊसच्या मागं आमचा अर्थिंगचा खड्डा होता. खाली तांब्याचा पत्रा, त्यावर कोळसा आणि मीठ, आणि वरनं रोज दोन घागरी पाणी. जमीन ओली असली तर गळालेली वीज सरळ घरी परत येते, कोरडी पडली की वाटेत कुणाच्या तरी अंगात शिरते, असं मिस्त्री सांगायचे. त्यामुळं घरच्या तुळशीला एक वेळ पाणी चुकलं तरी चालेल, पण ह्या खड्ड्याला चुकायचं नाही.

तर ह्या खड्ड्यातलं मीठ संपायला लागलं. टाकलं की गायब! शेवटी कळलं, की शेजारच्या रामू गवळ्याच्या म्हशी कुंपणातनं तोंड घालून खड्डा चाटत होत्या. मिस्त्रींनी रामूला बोलावून चांगलं फैलावर घेतलं. रामूनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वर सांगितलं, की म्हशी लई खूश हायत, दूध वाढलंय, आणि गिऱ्हाईक तर 'करंटचं दूध' म्हणून लांबनं येतंय. मिस्त्री म्हणाले, "दुधात करंट किती हाय ते मला ठावं न्हाय. पाणी किती हाय ते सांगू?"

रामूच्या कट्ट्यावर पेला घेऊन रोज उभं राहणारं एक गिऱ्हाईक म्हणजे शिवा. पुढं त्याचीच गोष्ट येणार आहे, म्हणून आत्ताच ओळख करून देतो. पेठ वडगावच्या लिंगायत घरातला पोरगा, वडिलांची गुळाची अडत. ह्याला मात्र कुस्तीचं वेड. अंगानं दणकट, मनानं लेकरू. दोन वर्षं मैदानात उतरला आणि दोन्ही वर्षं पडला. आप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, स्वच्छ सांगितलं होतं, की यंदाची कुस्ती शेवटची, हरलास तर लंगोट सोडायचा आणि दुकानात गादीवर बसायचं. पोरगा मुकाट पेल्यावर पेले रिचवायचा. एकदा मला म्हणाला, गुळाचा वास आला तरी मी रस्ता बदलतो.

मला त्याची फार कीव यायची.

*

फ्यूज म्हणजे काय हे लोकांना समजावताना आमच्या नाकी नऊ यायचे. मिस्त्री सांगायचे, की लाईन जोरात गळाली तर ही बारीक तार आधी वितळती आणि घर वाचतं. ती आपल्या जिवावर तुम्हाला वाचवती.

गुजरीतल्या एका सोनाराला हे इतकं लागलं, की त्यानं आमची तार काढून स्वतः ओढलेली चांदीची तार बसवली. आपल्यासाठी जी जीव देणार, ती जस्ता-कथलाची कशी असून चालेल, असं त्याचं म्हणणं. पहिल्याच पावसात त्याची भिंत ओली झाली, तार वितळली, घर वाचलं. आम्ही गेलो तर हा फरशीवर ओणवा. आम्हाला वाटलं, देवाचे आभार मानतोय. हा वितळलेला चांदीचा मणी शोधत होता!

पण एक गोष्ट मिस्त्री माझ्याजवळ नेहमी बोलायचे. जोरात गळणाऱ्या लाईनला मी भीत नाही, तिला फ्यूज आहे. थोडं थोडं गळणारी लाईन वाईट. फ्यूजला पत्ता लागत नाही, माणसाला सवय होते, आणि एक दिवस घात होतो.

*

आणि त्या वर्षी नेमकं तसंच झालं. मधली रुसली. फार नाही, थोडीशीच. रोज दिवेलागणीला मंद व्हायची आणि तासाभरानं आपोआप सावरायची. फ्यूज तर एकही जात नव्हता. मिस्त्रींची झोप उडाली.

शोधायचा उपाय एकच होता. एकेक आळी बंद करायची आणि दिव्याकडं बघायचं. जी आळी बंद केल्यावर मधली हसेल, त्या आळीत गळती. म्हणजे रोज संध्याकाळी गावातल्या एका आळीत अंधार आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात शिव्या. कोल्हापूरची शिवी तुम्हाला ठाऊक आहे. ती प्रेमानं देतात का रागानं, हे देणाऱ्यालाही नीट माहीत नसतं.

नाटकगृहाची आळी बंद केली, तेव्हा आत पहिला अंक रंगात आला होता. नायिकेला नवऱ्याच्या मरणाची बातमी कळते, ती किंकाळी फोडते, आणि त्याच क्षणाला मी इकडं स्विच ओढला. गुडुप अंधार! मधली तशीच रुसलेली, म्हणजे गळती तिथं नव्हती. मी स्विच परत दिला आणि मिस्त्रींना म्हणालो, आता मालक सोटा घेऊन येतोय बघा. मालक आला खरा, दुसऱ्या दिवशी सकाळी, पेढे घेऊन. प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या पिटल्या होत्या. म्हणाला, "पावणं, आजपास्नं रोज त्याच जागंवर बंद करत जावा की."

*

शेवटी शिवाच्या तालमीची आळी बंद केली, आणि मधली लख्ख हसली.

लाईन परत देऊन मी आणि मिस्त्री तालमीत गेलो. तुम्ही तालमीचा हौदा पाहिलाय ना? तांबडी माती, तीत तेल, ताक, लिंबू, हळद. रोज संध्याकाळी पोरं ती पाणी मारून उकरायची. म्हणूनच दिवा नेमका त्या वेळेला मंद व्हायचा. बाहेर भिंतीला लागून आमचा लोखंडी खांब. त्यावर तार धरून ठेवणारी चिनी मातीची वाटी तडकलेली, तिथनं वीज खांबात उतरायची आणि खांबाला आधार म्हणून जी ताणाची तार जमिनीत ठोकली होती, तिच्यातनं सरळ हौद्याच्या ओल्या मातीत.

मी म्हटलं, पोरांना काही कळलं कसं नाही? आत जाऊन बघतो तर तालमीत ही गर्दी. दुसऱ्या तालमींतली पोरंसुद्धा रांगेत उभी. आणि शिवा हौद्यात जोर काढत होता. आम्हाला बघून घामाघूम चेहऱ्यानं म्हणाला, "मिस्त्री, ह्या मातीत करंट हाय. हात टेकलं की मुंग्या येत्यात बघा. पंधरा दिस झालं, अंगात नुसतं बळ चढायलंय."

मिस्त्रींनी वाकून मातीला बोट लावलं आणि चटकन उचललं. तोंड पांढरं पडलं त्यांचं. पोरांना बाहेर काढून त्यांनी नीट समजावलं, की ही ताकद न्हवं, ही गळती. आज मुंग्या येत्यात, उद्या ती वाटी फुटली तर हात टेकणारा परत उठायचा न्हाय.

पोरं हसली. भ्यायचं काम त्यांच्या बारशातच राहून गेलेलं. शिवा मात्र हसला नाही. मिस्त्रींना भिंतीकडेला घेऊन गेला आणि एवढा थोरला गडी रडकुंडीला आला. म्हणाला, "माझी कुस्ती हुईस्तोवर ऱ्हाऊ द्या की. पुढं काय बी करा. ह्याच्याबिगार मी पडतोय, मिस्त्री."

मिस्त्री नुसते 'बघू' म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथं त्या आळीची लाईन बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं पंचगंगेवर आंघोळीला गेली, तेव्हा आम्ही दोघांनी वाटी बदलली. खांबावरनं उतरताना मिस्त्री मला म्हणाले, "जीव वाचला रं त्याचा. पर कुस्ती मारली मी."

मग कुस्तीपर्यंतचे दिवस जे गेले, ते काही विचारू नका. संध्याकाळी तिन्ही दिवे झकास जळायचे आणि मिस्त्री त्यांच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. शिवा रोज रामूच्या कट्ट्यावर यायचा, आम्हाला रामराम घालायचा, मातीचं अवाक्षर काढायचा नाही. मिस्त्री तो दिसला की खड्ड्याला पाणी घालायला मागं जायचे. त्या आठवड्यात खड्ड्याची तळीच झाली म्हणा.

*

कुस्तीच्या दिवशी मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. महाराज आले होते. शिवाचे आप्पा पुढं बसले होते, नवी कोरी टोपी घालून. समोरचा पैलवान उत्तरेकडचा, शिवाच्या दीडपट. मिस्त्री सलामीपासनंच डोळे मिटून बसले. मला म्हणाले, काय व्हईल ते सांग.

मी सांगत गेलो. शिवा खाली गेला. उठला. परत खाली गेला. मिस्त्रींनी माझा दंड असा आवळला, की वळ उठले. आणि मग शिवानं घिस्सा डाव मारला, तो पहाड उलटा झाला आणि पाठ मातीला लागली. मैदान असं गरजलं, की मी आहे हा एवढा बहिरा, त्यातला निम्मा तिथंच झालो. मिस्त्रींनी डोळे उघडले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. खरं सांगतो, मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी शिवा पावर हाऊसवर आला. गळ्यात हार, हातात आप्पांनी दिलेली गुळाची ढेप. येऊन सरळ मिस्त्रींच्या पाया पडला. मिस्त्रींना राहवलं नाही. म्हणाले, लेकरा, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. त्या मातीतला करंट मी कवाच काढलाय, कुस्तीच्या आधीच.

"ठावं हाय की," शिवा म्हणाला. "दुसऱ्याच दिशी कळलं. हात टेकलं, मुंग्या न्हाईत."

मिस्त्रींनी विचारलं, "मग रं?"

"मग काय? म्या म्हनलं, माती रिकामी झाली. म्हंजी समदा करंट माझ्यात आला."

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, मी दिव्यांकडं. शिवानं ढेप बोर्डाजवळ ठेवली, दारापर्यंत गेला, आणि काहीतरी आठवल्यासारखा परत फिरून हळूच म्हणाला,

"मिस्त्री, आता तालमीतल्या बाकीच्या पोरांसाठी परत भरा की. पर जरा कमी भरा. फुडल्या साली मला त्यांच्यासंगंच लढायचंय."