नाना नाही म्हणतोय

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मित्राजवळ नाही, आणि देवापुढे उभा राहिलो की घाईघाईने दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणूनच बोलतोय. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ फार चालते हो. आणि ती चालायला लागली की मी खोटं बोलतो.

आता हसू नका, पण माझा धंदाच तसा आहे. सुरतेच्या कापड मार्केटात मी दलाल. इकडच्या दुकानदाराचा निरोप तिकडच्या व्यापाऱ्याला, तिकडचा इकडे. दोघांची गाठ माझ्यामार्फतच पडते, नाहीतर मला विचारतो कोण? मग याला सांगायचं, ‘समोरची पार्टी नाही म्हणतेय,’ आणि त्यालाही तेच सांगायचं. दोघंही कधी नाही म्हणालेले नसतात. मार्केटात याला कुणी पाप म्हणत नाही, हुशारी म्हणतात.

तर, एक खोली आहे. तळ्याच्या काठी, डोंगरावर. बाहेर वेताच्या दोन खुर्च्या, खाली पाणी, पाण्यावर सकाळचं धुकं. मी तिथे कधी गेलेलो नाही, पण पडल्या पडल्या डोळे मिटले की तिथेच असतो. वहिनी कठड्यावर ओले केस वाळवत उभी असते. मनीषा, माझी बायको, चहाचा कप दोन्ही हातांत धरून नुसती बसलेली असते, कारण तिथे तिला करायला काही कामच नाही. आणि नाना पाण्याकडे बघत असतो. कुणी बोलत नाही. खाली कुठेतरी वल्ह्याचा आवाज येतो, धुकं हळूहळू वर सरकतं. मी मात्र त्यात कुठेच नसतो. बघत असतो फक्त.

नाना म्हणजे माझा मोठा भाऊ. वडील गेले तेव्हा मी तिसरीत होतो. नाना अमळनेरजवळचं आमचं गाव सोडून सुरतेला आला, पलसाण्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात लागला, आणि मला शिकवलं. पुरतं शिकवलं — कॉलेजपर्यंत. त्याच्या नखांत कायम रंग. कधी जांभळा, कधी हिरवा. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या माणसांची नखं अशीच असतात.

आणि अजून एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला पटायचं नाही. आमच्या खानदेशी घरांत सून जेठाशी — म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी — समोरासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली. काही विचारायचं असेल तर नवऱ्याला सांगायचं, नवरा भावाला विचारणार. आता हे पुष्कळ घरांतून गेलंय, आमच्यात राहिलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, मनीषा नानाशी थेट एक वाक्य बोलली नव्हती. भांडण म्हणून नाही, मान म्हणून. म्हणजे घरीसुद्धा मधला माणूस मीच. बघा, कसं जुळून आलं!

आम्ही फिरायचो खूप. दोन्ही घरं मिळून, दरवर्षी दोन-तीनदा. पण आमचं फिरणं म्हणजे देव. देवीच्या गडावर, शिर्डीला, कुठे नवस फेडायला. भाड्याची गाडी, सोबत स्टोव्ह, पोह्यांचा डबा, धर्मशाळेत सतरंजी. वहिनी आणि मनीषा तिथेही भाकरीच थापायच्या. घरी थापायच्या त्या गावाला जाऊन थापायच्या, एवढाच फरक. एकदा परतताना मनीषा गाडीत म्हणाली, ‘एक दिवस मला असं कुठेतरी न्या, जिथे मी पाहुणी असेन.’ मी हसण्यावारी नेलं.

मग मॉलमध्ये एक चिठ्ठी भरली, आणि आठवड्याने फोन आला — नंबर लागलाय, रविवारी जोडीने या. डुमस रस्त्यावरचं हॉटेल. तुम्हीही कदाचित गेला असाल अशा ठिकाणी. एकदाच पैसे भरा, मग दरवर्षी एक आठवडा तुमचा, पंचवीस वर्षं. कुठल्याही डोंगरावर, कुठल्याही समुद्रावर. दोन खोल्या, सहा माणसं. मनीषाच म्हणाली, सहा माणसांचं आहे तर नाना-वहिनींनाही घेऊ, ते तिघं आणि आपण तिघं, बरोबर होतं. नाना, वहिनी, त्यांचा राहुल. मी, मनीषा, आमची लेक. अर्धे-अर्धे भरू. तिचीच कल्पना होती ही. हे लक्षात ठेवा.

त्या रविवारी नाना-वहिनींनाही सोबत नेलं. नानाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. हॉलच्या काचेच्या दाराशी तो थांबला, आत गालिचा बघितला, आणि चपला बाहेर काढून ठेवल्या.

अनवाणी आत आला हो तो. टाचांच्या भेगांत निळा रंग. त्या गुबगुबीत गालिच्यावरून देवळात चालावं तसा हळू चालत आला. शेजारच्या टेबलावर मार्केटातल्या एका शेठचा पुतण्या बायकोबरोबर बसला होता. त्याने खाली बघितलं, बायकोला कोपर मारलं, दोघं हसली. आणि मी — मला काय वाटायला हवं होतं? राग यायला हवा होता की नाही? मला लाज वाटली. त्यांची नाही, नानाची.

नानाला यातलं काही दिसलं नाही. तो भिंतीवरच्या मोठ्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला होता. तेच तळं, तेच धुकं. वहिनी मागे. पुष्कळ वेळ बघून त्याने मला हाक मारली, ‘बापू, हाई पानी खरं शे का रे?’ मी म्हटलं, खरंच आहे. तो म्हणाला, ‘असा निळा आमना खातामा नही निंघस.’ तीस वर्षं रंगात हात घातलेला माणूस, त्याला एक रंग असा सापडला जो त्याला बनवता येत नव्हता. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. लग्नातल्या वरपक्षासारखा ऐसपैस हसत होता.

मी टेबलाकडे परतलो. मनीषा लेकीला घेऊन हात धुवायला गेली होती. कोट घातलेली मुलगी फॉर्म भरत होती. तिने पेनाने नानाकडे दाखवून विचारलं, ‘ये आपके कौन हैं?’ शेठचा पुतण्या ऐकत होता. निदान मला तसं वाटलं.

मी म्हटलं, ‘गाँव के हैं. साथ में आए हैं.’

झालं. हे एवढंच वाक्य. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं. भाऊ म्हणायला किती वेळ लागतो? गाववाले म्हणायला त्याहून जास्त लागतो, मी मोजून बघितलंय मनातल्या मनात. नानाने ऐकलं नाही, तो दूर होता, पाण्यात बुडालेला होता. ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं, बचावलो.

मुलगी म्हणाली, कागदावर घरच्यांचीच नावं लागतात, नातं लिहावं लागतं. मी म्हटलं, दोन दिवसांत विचार करून सांगतो.

दोन दिवस! त्या दोन दिवसांत घर नुसतं तरंगत होतं. मनीषा कणीक मळता मळता थांबायची. ‘तिथे नाश्ता आपल्याला वाढतात ना?’ असं विचारायची, आणि उत्तर माहीत असूनही परत विचारायची. लेकीने तळं काढून त्यात सहा माणसं पोहायला सोडली. ‘नानांना विचारलंत का?’ मनीषा म्हणाली. ‘ते हो म्हणाले तरच हं.’

गोडादऱ्याला नानाच्या घरी गेलो, विचारलं. नाना क्षणभरही थांबला नाही. ‘हो म्हन,’ म्हणाला. मग आवाज उतरवून, ‘पन मनीषाले इचारी ले. आठ दिन आमनासंगे ऱ्हावाले तिले चालीन का?’ वहिनी दारात उभी होती. लाजून म्हणाली, मी कधी पाण्याजवळ झोपले नाही रे बापू.

डिंडोलीला घरी येईपर्यंत मला ती पंचवीस वर्षं दिसत राहिली. दरवर्षी एक गालिचा, दरवर्षी काढलेल्या चपला. नाना पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत पोहण्याच्या तलावाशी, मोठ्याने अहिराणीत हाका मारतोय. आणि दर वेळी कुणीतरी विचारणार, हे तुमचे कोण? मी घाबरलो. ज्याच्या ताटात जेवून वाढलो त्याच्या शेजारी आठ दिवस बसायला मी घाबरलो.

मनीषाने दार उघडलं. मी चपला काढता काढता म्हटलं, ‘नाना नाही म्हणतोय.’

आणि दुसऱ्या दिवशी नानाला, ‘मनीषा नाही म्हणतेय. तिला तुमच्यासोबत राहायचं अवघड वाटतं.’

दोघांनाही वर बजावलं, हा विषय काढू नका, समोरच्याला वाईट वाटेल. दलालाचं जुनं काम, कुठे गाठ पडू द्यायची नाही ते मला बरोबर कळतं. दोघंही आपल्या मानाला जपणारी. तिने पदर सोडून विचारलं नाही, त्याने जेठ असून सुनेपुढे विषय काढला नाही. वहिनीने एकदा मनीषाकडे नीट बघितलं आणि तीही गप्प बसली. सुंठीवाचून खोकला गेला. मी त्या दिवशी पोटभर जेवलो, हेही सांगून टाकतो.

मनीषा रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘पंधरा वर्षांत एक मागितलं होतं त्यांच्याकडे.’

नाना म्हणाला, ‘ऱ्हाऊ दे. तिनावर जोर नको करू.’ आणि मी उठलो तेव्हा, ‘मन्हं काही चुकनं का रे?’

मी म्हटलं, नाही रे नाना, तसं काही नाही.

पुढच्या श्रावणात कानबाई बसली. ही आमची खानदेशची देवी. नोकरीधंद्याला कुठेही गेलेली भावकी त्या दिवशी एका घरात जमते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट फक्त भावकीने खायचे. दरवर्षी वहिनी मोजायची — नानाची, राहुलची, माझी. त्या वर्षी मनीषाने पदराआडून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं मला सांगितलं, ‘आपले रोट आपल्या घरी करू. इथे आपलं मोजू नका.’

रोट वेगळे होणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. एकदा वेगळे झालेले रोट परत एकत्र करत नाहीत. वहिनीचा हात गव्हात होता. तिने नानाकडे बघितलं, नानाने माझ्याकडे. तेव्हा मी बोलू शकलो असतो. चार शब्द. सगळी भावकी बसली होती, वाट बघत होती. मी लेकीची वेणी नीट करत बसलो.

नाना म्हणाला, ‘बरं.’

त्याला आता अकरा वर्षं झाली. मनीषाच्या मनात नाना म्हणजे तो माणूस, ज्याने तिची एवढीशी हौस मोडली. ती त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही, बोलतच नाही. आणि नानाच्या मनात? त्याला वाटतं, या सुनेला माझी किळस आहे. लेकीच्या साखरपुड्यात मी पाहिलं, मनीषा वाढायला आली तर त्याने हात पानाखाली लपवला. नखं लपवली. मिलमधून सुटून चार वर्षं झाली, नखांत आता रंग नाही. तरी लपवली.

ती किळस माझी होती हो! तिची कधीच नव्हती. माझी किळस मी बायकोच्या नावावर चढवली, आणि माझा नकार भावाच्या.

गेल्या आठवड्यात, भरदुपारी, नानाचा फोन आला. राहुल चांगल्या नोकरीला आहे, त्याने कुठल्याशा डोंगरावर चार दिवसांसाठी जागा ठरवलीय. खाली तळं आहे म्हणे. वहिनीला अलीकडे कमी दिसतं, पुढच्या वर्षी पाणी दिसेल न दिसेल, म्हणून घाई. नाना बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, ‘सहा जननी जागा शे, बापू. आते तरी येई का मनीषा? इचारी देख ना.’

मनीषा समोरच होती. खिडकीशी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता.

आता लाज नाही उरली मला नानाची. खरंच नाही. आता भीती निराळी आहे. चार दिवस, एकच घर, काम काही नाही, म्हातारपणी पदर आणि मान दोन्ही सैल होतात. कुणीतरी सहज म्हणेल, त्या वेळी तुम्ही नाही म्हणालात ना? आणि दुसरं म्हणेल, मी? मी कधी?

मी फोन कानाला तसाच धरून थांबलो. कुणीतरी कुणाला विचारतंय असं वाटावं, इतका वेळ. पलीकडे नानाचा श्वास ऐकू येत होता.

मग म्हटलं, ‘नाही म्हणतेय, नाना.’

फोन ठेवला. मनीषाने मान वर न करता विचारलं, कोण होतं? मी सांगितलं, नाना. सहजच केला होता.