डोस जरा जास्त झाला

मीरा रोडच्या आमच्या छोट्या नर्सिंग होमच्या दारात चपला साचतात, तसे माझ्या कॅज्युअल्टीत किस्से साचतात. चपला निदान लोक परत घेऊन जातात! त्यातही शुगरचं इंजेक्शन जास्त टोचून आलेल्यांचे तर विचारूच नका.

एक सीए. मुलीच्या लग्नात शेरवानी बसावी म्हणून मित्राकडून वजन उतरवणारं शुगरचं इंजेक्शनचं पेन आणलं. टोचलं, काही जाणवेना. म्हणून पुन्हा टोचलं. असं करत अख्खं पेन संपवलं! मग नुसत्या उलट्या. बायको म्हणाली, "आता शेरवानीवर मॅचिंग बादली घ्या!"

एका मॅडमनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन रोज घेतलं. वर मलाच ऐकवतात, "तुम्हीच वीकली म्हणालात ना? मी तर संडेसुद्धा चुकवला नाही!"

एक रिटायर्ड प्रिन्सिपॉल. बाटलीतलं इन्सुलिन किती कडक, त्याप्रमाणे खुणांची सिरिंज ठरलेली असते. यांनी घरात पडलेली दुसरीच वापरली आणि भलताच डोस गेला. शुद्धीवर आल्या आल्या मला धडा, "सुई ती सुईच!" म्हटलं, "बरोबर सर, मार्क ते मार्कच. पस्तीस काय नि नव्वद काय!" तेव्हापासून बोलत नाहीत. सुटले मी.

भाईंदरचे एक काका आमरस हाणायचा म्हणून आधीच जादा इन्सुलिन टोचून बसले आणि पाहुणेच लेट! घाम, थरथर, बायकोवर आरडाओरडा. तिला काहीच वाटलं नाही, रोजचंच ते. मग काका तिला चक्क "सॉरी" म्हणाले. तिनं धावत जाऊन रिक्षा आणली!

आणि उत्तनची ती म्हातारी. दोन मुलगे, दोघांचा आईच्या घरावर डोळा, एकमेकांशी बोलणं बंद. एका रविवारी थोरला तिला इन्सुलिन देऊन गेला. पाठोपाठ धाकटा आला, त्यानंही दिलं. भावाला विचारणार कसा? अबोला ना! म्हातारी बेशुद्ध.

कॅज्युअल्टीत दोघांची जुंपली.

"आयेला मी बघतो!"

"न्हाय, मी बघतो! इंजेक्शनपन मीच देतो!"

म्हटलं, "डबल डोस झालाय. कोणी दिला?"

दोघांची बोटं एकमेकांकडे!

ग्लुकोज चढवल्यावर म्हातारीनं डोळे उघडले. मी चिडूनच विचारलं, "आजी, एकदा टोचलंय हे धाकट्याला सांगायचं नाही?"

"ठावं व्हतं गो," ती म्हणाली. "पन न्हाय म्हनलं आसतं, तर तो लगेच उठून गेला आसता."