आवाज माजाच, पर वरडलं कोन?

नात मोबाइलवर लिवून घेतीया, मी सांगतीया तसं. भूतखेत, बाधा... असल्यावर माजा कदीच इस्वास न्हवता. बिड्या वळल्या, खडी फोडली, तरणा लेक मातीत घातला — भ्यायला टाइमच कुटं हुता?

आता घरात मी, सून कांता आन ही नात. सोलापुरातनं मंगळवेढ्याच्या रस्त्याला गोल्फचं मैदान हाय, तितं आमी दोगी कामाला. पावसाचं पानी गवताखालच्या पायपांनी चेंबरमदी येतं, तितनं तळ्यात जातं. चेंबर म्हंजी मानूसभर खोल सिमेंटचा खड्डा, तळाला जाळी. जाळीत अडकल्याला गाळ कांतानं आत उतरून काडायचा, मी वर बादली वडायची. झालं की टेकाडापल्याड पंपावरचा बाबू जोरात पानी सोडून पायपं धुतो. त्येला आमी दिसत न्हाय. मी "सोड" म्हणून वरडले की त्येनं पान्याचा वॉल फिरवायचा. घडीत खड्डा भरतो.

गेल्या श्रावणात, भर दुपारी... कांता वर आली, "आत्ती, झालं बगा" म्हणली. मी शेवटची बादली लांब वतायला गेले. घाण वास, म्हणून पदर दातात धरलेला.

तेवड्यात बाबूची हाक — "मावशे, सोडू का?"

मी वळून बगितलं. लिंबाखाली कांता साडीवर घालती त्यो हिरवा सदरा दिसला. म्हणलं, बसली आसंल. पदर सोडून "सोड" म्हणनार, तर —

"थांब रं! पोरगी आत हाय!"

आवाज माजा. असाच घोगरा. आन पदर आजून माज्या दातात!

पळाले. वाकून बगते तर कांता खड्ड्यात! सदरा निस्ता फांदीला अडकवलेला. इसरल्यालं खुरपं आनाया परत उतरली, आन पाय जाळीत अडकला.

"अगं, वरडायचं न्हाय व्हय?"

"तोंडातनं आवाजच निगंना, आत्ती. तुमी वरडलाव म्हणून वाचले."

बाबू आला हसत. "मावशे, केवडं वरडायलाव! तिकडं सायबाचा बॉल चुकला की!"

"मी न्हाय वरडले, बाबू."

"मग काय माजी बायकू वरडली? उनानं डोकं तापलंय, च्या प्या जावा."

दोगंबी शपत घेत्यात, आवाज माजाच. नात म्हणती, आजी, भ्यानं तुज्याच तोंडातनं निगालं आसंल. पर मला भ्या न्हवतंच की! कांता आत हाय, हेच ठावं न्हवतं. मी तर "सोड" म्हणाया निगाले हुते...

काम सोडून भागत न्हाय, रोज जाताव. पर आता मी वरडत न्हाय. टेकाड चडून जाते, बाबूच्या म्होरं हुबी ऱ्हाऊन सांगते. बजावलंय त्येला, मी डोळ्यानं दिसल्याबिगर वॉलला हात लावू नगं. त्यो हसतो. म्हणतो, "मावशे, कशाला गुडगे झिजवायलाव?"

त्येला काय सांगू... त्या दिशी माज्या आवाजानं "थांब" म्हणलं. येकाद्या दिशी त्योच आवाज "सोड" म्हणला तर?